प्लासिडच्या वजनाची केळी

भुईगाव,
६ ऑगस्ट १९७८

चि. मार्था हिस,
अ. आ.
प्रभूच्या कृपेने घरची सगळी हिंडतीफिरती आहेत. पण गावात तापाची साथ शिरली आहे, म्हणून हे पत्र.

डॉक्टर याला इन्फ्लुएंझा म्हणतात. अंग ठेचून काढल्यासारखं दुखतं, खोकला थांबत नाही, आणि या खेपेला म्हाताऱ्यांपेक्षा तरुण पोरंच जास्त आडवी होताहेत. तुझ्या वहिनीला, सालोमीला, घोर लागलाय तो लेकीचा, फ्लॉसीचा. वीस वर्षांची झाली, तरी बालवाडीत मुलांच्या घोळक्यात उभी राहिली तर बाई कोण ते शोधावं लागतं. सालोमीने तिला बालवाडीतून रजा घ्यायला लावली, आतल्या खोलीत बसवलं, आणि सकाळ-संध्याकाळ कोंबडीचा रस्सा पाजते आहे. फ्लॉसी म्हणते, तापाने मी मरायची नाही, रश्श्याने मात्र नक्की.

प्लासिडची काळजी नाही. तेविसाव्या वर्षी तो दारात उभा राहिला की घरात अंधार होतो. उन्हाळ्यात एडवर्डच्या केळीच्या वखारीत पोरांनी त्याला गंमत म्हणून मोठ्या काट्यावर बसवला, तर एकशे सहा किलो भरला. सालोमीने तो आकडा आळीभर सांगितला. आपल्या गल्लीत गाडी येत नाही, तेव्हा आजाऱ्याला खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत तोच उचलून नेतो. काल बेटी मावशीला नेलं. लोक म्हणतात, सिप्रियनचा मुलगा म्हणजे दगडी बांध. मलाही ते ऐकून बरं वाटतं, खोटं का सांगू?

फ्लॉसीला काय द्यावं ते लवकर कळव.

तुझा,
सिप्रियनदादा

—

पुणे,
११ ऑगस्ट १९७८

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.
पत्र पोचलं. आमच्याही वॉर्डात खाट रिकामी नाही, म्हणून चार ओळीच लिहिते आहे. फ्लॉसीला पेज, भरपूर पाणी आणि झोप द्या. रस्सा थोडा तुम्हीच संपवा, म्हणजे बिचारी सुटेल.

पण दादा, पत्र वाचून मला धास्ती वाटली ती प्लासिडची. सत्तावन्न साली अशीच साथ आली तेव्हा मी शिकाऊ नर्स होते. आमच्या वॉर्डात एका हलवायाचा मुलगा होता, पैलवानासारखा. सगळे म्हणायचे, हा आधी घरी जाईल. काडीसारखी पोरं उठून गेली, आणि हा मात्र तीन उशा पाठीला लावून बसलेला, श्वासासाठी. तेव्हापासून माझी नजर तिकडेच जाते. फार हडकुळं माणूस तापात खचतं हे खरं, पण फार जाड माणसाचाही ताप लवकर निघत नाही, आणि छातीत उतरला तर पोट श्वासाला जागा देत नाही. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुझं निरीक्षण चुकीचं वाटत नाही, पण हे अजून कोणी नीट मोजून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणजे पुरावा नाही, माझं आपलं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याला आजाऱ्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन खुर्च्या उचलायला लावू नका. आणि त्याच्या कपाळाला रोज हात लावून बघा. तो स्वतःहून सांगणार नाही.

वहिनीला रागावू नका. लोभ तर आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
मार्था

—

भुईगाव,
१७ ऑगस्ट १९७८

चि. मार्था हिस,
अ. आ.
तुझं पत्र काल आलं. पोस्टाचा दोष नाही. चार दिवस आधी आलं असतं तरी मी हसून बाजूला ठेवलं असतं.

फ्लॉसीला ताप आला, तीन दिवस फणफणली, चौथ्या दिवशी उठून तिने भांडी घासली. आम्ही सगळे तिच्याभोवती गुडघे टेकून होतो, तेव्हा प्लासिडच्या अंगात ताप होता. तो कोणाला बोलला नाही. त्याच अंगाने त्याने आणखी दोघांना खुर्चीतून नेलं. त्याचा आवाज बसला तेव्हा सालोमीला वाटलं, दमलाय, म्हणून तिने त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. आईचं मन राखायला त्याने त्या खाल्ल्या. मग विहिरीपाशी तो बसला तो उठेना.

पापडी गावचे डॉक्टर म्हणाले, ताप छातीत उतरलाय, वसईला न्या. मार्था, त्याला हमरस्त्यापर्यंत न्यायचं कसं? ज्या खुर्चीतून त्याने सगळ्यांना नेलं तिच्यात तो मावेना. शेवटी केळीचे लोंगर वाहायच्या हातगाडीवर गोधडी घातली आणि सहाजणांनी ढकलत नेलं. तो वाटेत म्हणत होता की बाबा, लोकांना त्रास होतोय. मी त्याला गप्प केलं.

आता तो दवाखान्यात आहे, प्राणवायू लावलाय. आडवा केला की घुसमटतो. डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवसांत कळेल. काय कळेल ते मी विचारलं नाही.

सालोमीने मारियामातेला नवस बोललाय, मुलगा घरी आला तर त्याच्या वजनाइतकी राजेळी केळी अनाथाश्रमाच्या मुलांना देईन. बोलून झाल्यावर मला म्हणाली, मी फ्लॉसीसाठी नऊ दिवस रोझरी धरली होती, त्याच्यासाठी एक दिवसही नाही.

मी माळा ओढत बसतो. पण मन वाडीत जातं. पेंडीचं खत जास्त पडलेली केळ कशी डेरेदार दिसते, येणारा-जाणारा तिचंच नाव घेतो. आणि रोग आला की तिलाच आधी धरतो. हे मला तीस वर्षं माहीत आहे. झाडाबद्दल माहीत होतं.

तुला येता येईल का?

सिप्रियनदादा

—

पुणे,
१९ ऑगस्ट १९७८

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.
रजा मिळाली, मंगळवारी पोचते. पत्र माझ्याआधी मिळालं तर एवढंच करा: त्याला आडवा निजवू नका, पाठीला टेकण लावून बसता ठेवा. घरून डबा नेऊ नका. वहिनीला सांगा, तिने फक्त त्याचा हात धरावा.

मार्था

—

भुईगाव,
१० डिसेंबर १९७८

चि. मार्था हिस,
अ. आ.
तू गेल्यापासून इकडे तुझंच राज्य आहे. प्लासिडच्या ताटात तू सांगितलेल्या तेवढ्याच भाकऱ्या पडतात. सालोमी वाढते आणि तोंड फिरवून उभी राहते, जणू त्याला उपाशी ठेवण्याची शिक्षा तिलाच झालीय. तो सकाळी किनाऱ्याने चालत जातो. आधी चर्चपर्यंतही धाप लागायची, आता कळंबपर्यंत जाऊन येतो.

परवा मारियामातेच्या सणाला नवस फेडायचं ठरलं, तर वाद निघाला. एडवर्डच्या काट्यावर प्लासिड सत्त्याऐंशी किलो भरला. सालोमी म्हणाली, नवस बोलले तेव्हाचा माझा मुलगा एकशे सहाचा होता, मातेला एकोणीस किलोंना फसवायची नाही. फ्लॉसी म्हणाली, मातेला डोळे आहेत, तिला दिसतंय. फादर फ्रान्सिसना विचारलं तर ते म्हणाले, देवाला कमी द्यायला पळवाटा काढणारे रोज भेटतात, जास्त द्यायला भांडणारी ही पहिलीच. होऊ दे तिच्या मनासारखं.

म्हणून एका पारड्यात प्लासिड बसला, आणि त्याच्या शेजारी एडवर्डने एकोणीस किलोंची लोखंडी वजनं पोत्यात घालून ठेवली. दुसऱ्या पारड्यात लोंगर चढत गेले. मुलांसाठी टेम्पो भरला.

सगळं उरकल्यावर प्लासिडला काय वाटलं कोण जाणे, त्याने ते पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि वखारीच्या दारापर्यंत गेला. परत येऊन खाली ठेवलं. मग मला विचारलं, हे मी झोपतानाही उतरवत नव्हतो का? उत्तर दिलं फ्लॉसीने. ती म्हणाली, दादा, तू ते खांद्यावर नाही, पुढे बांधून फिरायचास. सगळे हसले, तोही हसला.

मी विचार करत होतो. आपल्या अंगाची राखण आत कोण करतं, ते तुमच्या डॉक्टरांनाही अजून पुरतं ठाऊक नाही. आम्ही मात्र नुसत्या आकाराकडे बघून राखणदार नेमला होता, आणि राखणदाराला बरं आहे का, हे विचारायचं असतं हे विसरलो होतो.

निघताना सालोमीने चारचौघांत त्याच्या कपाळाला हात लावला. रोजच लावते आता, तू सांगितल्यापासून. ताप नव्हता. एवढा मोठा मुलगा, पण तिचा हात पोचावा म्हणून मान खाली करून उभा राहिला, आणि तिने हात काढेपर्यंत हलला नाही.

नाताळला ये. रस्सा फ्लॉसीच करणार आहे, वाढणारही तीच. आमच्यावर माया आहे ती राहू दे, आणि धाकही.

तुझा,
सिप्रियनदादा