तेओफिलोला विकलेली बंदूक

गुडिंग, आयडाहो
रविवार, ९ मार्च

माझ्या लाडक्या नेकाने,

तुला तुझ्या म्हाताऱ्या आजीचे, तुझ्या अमुमाचे, पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर, आणि गुडघ्याचं मी हल्ली कुणाला सांगत नाही. घरातली चूल छान पेटते, लाल घेवड्यातलं चोरिसो सॉसेज या वेळी जरा तिखट पडलं, शेजारच्या कळपात आत्तापर्यंत दोनशेवर कोकरं झाली. मोठी बातमी पुढे आहे, पण आधी थोडं बसून घे.

तू म्हणशील अमुमा फोन का नाही करत. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस, वकिलाच्या कचेरीत काम करून तुझी तशी सवयच झालीय. पत्राला अडवता येत नाही. माझं शुद्धलेखन तिसरीतलंच आहे, त्यापुढे मी मेंढ्यांमागे गेले, तेव्हा हसू नकोस.

तर बातमी. मला प्रमाणपत्र मिळालं! एकोणऐंशीव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं. शिकारीच्या सुरक्षिततेचं. पन्नास प्रश्न होते, माझे चव्वेचाळीस बरोबर. चुलीच्या वर खिळा ठोकून लावलंय. मी शिकारीला निघाले नाही गं, घाबरू नकोस. मी तेओफिलोच्या सोबतीला वर्गात बसले.

तेओफिलो म्हणजे तो पेरूचा मेंढपाळ. उन्हाळ्यात वर डोंगरात असतो, थंडीत कळप खाली आला की रविवारी माझ्याकडे कॉफीला येतो. दोन वर्षं येतोय. पाव मोडून कॉफीत बुडवतो, अगदी तुझ्या आजोबांसारखा. आजोबा गेल्यावर त्या टेबलाशी बुडवून खाणारं कुणी उरलं नव्हतं.

वर्गात सगळी अकरा-बारा वर्षांची पोरं, आणि मधे आम्ही दोघं. बाकांत त्याचे गुडघे मावेनात. एक पोरगी मला विचारते, "तुम्ही कुणाच्या आजी?" मी म्हटलं, "सगळ्यांची. गप लिही." शिकवणाऱ्या मिसेस हॅडली इंग्रजीत बोलायच्या, मी ते स्पॅनिशमध्ये त्याच्या कानात सांगायचे. माझं इंग्रजी रेडिओवरचं, त्यामुळे काही वेळा हवामानाचा अंदाजही त्यात मिसळला असेल. तरी त्याला अठ्ठेचाळीस! माझ्यापेक्षा चार जास्त, आणि ऐकलं माझ्याच तोंडून. मला तो मानाने 'दोन्या' म्हणतो, बाईसाहेब म्हणतात तसं. दुसऱ्या रविवारी म्हणतो, "दोन्या फ्लोरा, तुम्ही स्वतःचं भाषांतर ऐकत नव्हतात वाटतं." मी त्याला त्या दिवशी पाव लहान दिला.

हे प्रमाणपत्र असलं की शिकारीचा परवाना मिळतो. आता तू विचारणार, मेंढपाळाला शिकारीचा परवाना कशाला. तिकडेच येतेय. जरा चूल सारून येते.

आले. तर, ऑगस्टात तू फोनवर म्हणाली होतीस, "अमुमा, आजोबांची बंदूक मला विचारल्याशिवाय विकू नकोस." मी "बरं" म्हटलं होतं. माझं "बरं" तुला ठाऊक आहे.

सप्टेंबरात मी ती विकली होती, नेकाने. तेओफिलोला.

तो सामान न्यायला खाली आला होता. वर कोल्हे माजले होते, एका रात्रीत सात कोकरं फाडली. मालकाने कुत्री दिली होती, बंदूक नाही. मी म्हटलं, ही कपाटात गंजतेय, तू घेऊन जा. त्याला फुकट नको होती, म्हणून मी थोडे डॉलर घेतले, त्याने नेली. मला वाटलं फार चांगलं काम केलं.

मग ऑक्टोबरात कपाटातून काडतुसांचा उरलेला डबा निघाला. तो घेऊन मी हॅडलींच्या बंदुकांच्या दुकानात गेले, म्हटलं घेत असाल तर घ्या. ग्लेन हॅडली म्हणाला, "आणि रायफल?"

"विकली."

"कुणाला?"

"तेओफिलोला."

"कोण तेओफिलो? त्याच्याकडे कायम राहायचं कार्ड आहे, की कामाचा तात्पुरता व्हिसा?"

"मला काय ठाऊक! माझ्या घरी कॉफी पितो तो."

ग्लेनने चष्मा काढला. "आजी, कार्डवाला असेल तर हरकत नाही. तात्पुरत्या व्हिसावरचा असेल, तर बंदूक नुसती जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. चालू असलेला शिकारीचा परवाना असेल तरच सूट. आणि अशा माणसाला, तो तसा आहे असं समजायला जागा असताना विकणं, हा विकणाऱ्याचा गुन्हा. तुमचा. तुमच्यावर खटला, आणि तो थेट पेरूला."

"मेंढरं राखायला ठेवलीय त्याने, माणसं मारायला नाही!"

"कायदा ते विचारत नाही. तुम्ही त्याला विचारायचं होतं."

"घरी आलेल्या माणसाला कागद विचारू?"

"पाहुण्याला नका विचारू. गिऱ्हाइकाला विचारा." मग म्हणाला, "आधी ती परत आणा. आणि तुमची नात वकिलाकडे आहे ना? तिला सांगा."

पहिलं केलं. दुसरं आज करतेय, पाच महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ट्रक घेऊन वर गेले. हो, मीच चालवत. कच्च्या रस्त्याने तीन तास. हा राग आत्ताच उरकून घे, पुढे आणखी आहे.

तेओफिलोला वाटलं मी पाव आणलाय. हसत धावत आला. मी म्हटलं, "बंदूक दे." त्याचं तोंड पडलं. "दोन्या, माझं काही चुकलं?" "तुझं नाही रे, माझं चुकलं," म्हटलं आणि ग्लेन म्हणाला ते सगळं सांगितलं. त्याने गादीखालून ती काढली, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली. तुझ्या आजोबांनीही इतकी निगा राखली नव्हती. डॉलर परत घेईना. मी त्याच्या खिशात कोंबले.

मग मला विचारावंच लागलं, "कागद दाखव."

आता ते सांगते जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. आम्ही स्पेनहून इथे नवे आलो तेव्हा चर्चच्या अंगणात, सगळ्यांसमोर, एका अधिकाऱ्याने तुझ्या आजोबांना कागद विचारले. मी नवा कोट घालून बाजूला उभी. आजोबांकडे सगळे कागद होते, पूर्ण, रीतसर, पण दाखवायच्या घाईत ते सगळे हातून खाली पडले, आणि चिखलातून मी उचलले. त्या दिवशी मी ठरवलं, मी जन्मात कुणाला कागद विचारणार नाही. म्हणून तेओफिलोला विचारलं नाही. तुला वाटेल विसरले. विसरले नव्हते, पोरी. मी मुद्दामच विचारलं नाही.

आणि मी विचारल्यावर त्याने काय केलं असेल? गळ्यातली पिशवी काढली, उलट्या बादलीवर फडकं अंथरलं, आणि एकेक कागद प्लास्टिकमधून काढून मांडला. हळूहळू, जसं कुणी घरचे फोटो दाखवतं. व्हिसा तात्पुरताच होता. पण पासपोर्ट माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाचा ना मोठ्याने, मालक फक्त तारीख बघतो."

मी वाचलं. तेओफिलो किस्पे ममानी. जन्म फेब्रुवारीचा, गाव ऊवांकायोजवळचं. दोन वर्षं माझ्या टेबलाशी बसलेल्या माणसाचं आडनाव मला त्या दिवशी कळलं! वाढदिवस होऊन गेले दोन, मी एकही केक केला नव्हता. मला त्याला मान द्यायचा होता, आणि मी साधं नावगावसुद्धा विचारलं नव्हतं.

त्याने माझ्या हाताला धरून ट्रकपर्यंत सोडलं. मी चढताना म्हणाला, "परवाना काढतो, मग विकाल ना मलाच?"

बाकी तुला कळलंच. थंडीत वर्ग, मग परीक्षा, मग परवाना. फेब्रुवारीत केक केला, तेओफिलो रडला, मी ओरडले की केकवर रडू नये, भिजतो. आणि या आठवड्यात आम्ही ग्लेनच्या दुकानात गेलो. विक्री दुकानातूनच करायची असं मीच म्हटलं. अर्ज भरला, ग्लेनने सरकारी तपासणीसाठी फोन केला, उत्तर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी घेवडा दोनदा करपवला. काल होकार आला. ग्लेनने तेओफिलोला बजावलं, परवाना दरवर्षी नवा कर, एक दिवस जरी चुकला तरी बंदूक पुन्हा बेकायदा. तो म्हणाला, "चुकणार नाही. दोन्या फ्लोरा विचारतील."

हो, विचारणार. दर जानेवारीत, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

मी फार खूश आहे, नेकाने. पण मधले ते सव्वीस दिवस राहतात, जेव्हा ती बंदूक त्याच्या गादीखाली होती. ते मला पुसता येत नाहीत, आणि त्यांचं काय होतं हे मला कळत नाही. तुझ्या साहेबांना विचार. शिक्षा असेल तर माझी, पोराची नाही, हे पहिल्या ओळीत लिही. आणि मग काही लपवू नकोस माझ्यापासून, जे असेल ते सांग. मी टेबलाशी बसून ऐकेन, एकदाही मधे बोलणार नाही.

तुला विचारायला उशीर केलेली,
तुझी अमुमा
फ्लोरेन्तिना