बांधून ठेवलेली ट्रंक

मी, नरसिंह भीमाचार्य गलगली, वय एकसष्ट, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार बसवनगुडी, बेंगळूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. डॉक्टरांना माझे हृदय पसंत नाही. डोके शाबूत आहे.

नौदलाला रणगाडे थेट वाळूवर उतरवणारी जहाजे हवी होती. एकोणपन्नास साली इंग्रजांचे वापरलेले एक मिळाले. पुढच्या जहाजांसाठी मी दिल्लीत तेरा वर्षे आराखडे काढले. फाइल दरसाल वर जाई आणि ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ हा शेरा घेऊन खाली येई. चोपन्न साली आमचे साहेब जयसिंगराव म्हणाले, “गलगली, मंजुरी आली की परदेशी बांधणीवर देखरेखीला तुम्हीच. आठवड्यात निघावं लागेल, सामान बांधून ठेवा.” मी बांधले. त्रेसष्टला ट्रंक तशीच घेऊन निवृत्त झालो.

कन्यादान बापाने करायचे आणि बाप तर केव्हाही निघणार, म्हणून माझ्या विमलेची तीन स्थळे मी ‘पुढील वर्षी पाहू’ म्हणून परतवली. तिसरे आनेकलचे मास्तर. ते तिला आवडले होते, हे मला ठाऊक होते. ‘बरं’ला ती कानडी ‘सरी’ म्हणते. एवढेच म्हणाली, “सरी, अण्णा. बोट राहू द्या, स्वल्प जेवा.”

यंदा रशियातून दोन जहाजे तयार आली. माझी एक रेघही त्यांत नाही. छायाचित्र भिंगाने पाहिले. चांगली आहेत.

कलम १. कंपासपेटी पुतण्या हयवदन यास. ‘विमलाक्काला सांभाळतो’ म्हणून तो वरचा मजला मागतो, देऊ नये. आराखडे बंबात घालावेत. कागद जाड आहे, पाणी चांगले तापेल.

कलम २. ट्रंकेतला लोकरी कोट जयसिंगरावांना, डांबरगोळ्यांसकट. ते खोटे बोलले नव्हते. तरी राग आहे.

कलम ३. घर माझ्या पश्चात विमलेचे.

हे लिहिले आणि पेन थांबले. ती छत्तीस वर्षांची आहे, आणि मी तिला अजून थांबायलाच सांगतो आहे, या वेळी माझ्या मरणापर्यंत. विमले, मी चुकलो. कलम ३ रद्द. सोमवारी नोंदणी कचेरीत जाऊन घर तिच्या नावे बक्षीसपत्राने करून देईन. मग तिने त्यात राहावे, ते विकावे, लग्न करावे, न करावे.

तिला सांगितले. “सरी,” म्हणाली आणि भाजी निवडू लागली. तिचा विश्वास बसलेला नाही. मी घोड्याचा जटका सांगून ठेवला आहे, सोमवारी सकाळी दहाचा.

साक्षीदार : गुंडो वेंकटेश कट्टी, अप्पासाहेब शिंदे, शेजारी
सही : न. भी. गलगली
बेंगळूर, शनिवार, ता. १० डिसेंबर १९६६