सौसनच्या स्थळाची चौकशी

सूसा, ३ मार्च १९९७

ती. हयातमावशीस,
नझीहाचे सलाम. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढणार, हे मला ठाऊक आहे.

आईनं कळवलं असेलच, आपल्या सौसनला, माझ्या धाकट्या बहिणीला, इथलं, सूसाचं स्थळ आलंय. मुलगा रऊफ, बंदरात इंजिनिअर, गोडबोल्या. मी याच गावात राहते, तेव्हा रीतीप्रमाणे मुलाकडची चौकशी माझ्याच गळ्यात पडली. तू तर मनाची डॉक्टर, तुझ्या नजरेतून काय सुटणार, असं आई म्हणते.

मावशी, मला चौकशी करायची गरजच नाही. त्याची धाकटी बहीण माझ्याकडे उपचाराला येते. तिच्या खोलीला बाहेरून कडी कोण घालतं आणि तिच्या अंगावरचे वळ कुणाचे, हे मला माहीत आहे. आणि आपली सौसन त्याच घरात जायला निघाली आहे. पण सांगू कशी? हा पेशा तुम्हीच शिकवलात, आता तुम्हीच मार्ग दाखवा.

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त असू द्यावा.
तुमची नझीहा

ट्यूनिस, ९ मार्च

चि. नझीहास अ. आ.

आशीर्वाद आधी, कानउघाडणी नंतर. बहीण, कडी, बंदर! तिचं नाव तेवढं लिहायचं राहिलं. 'एक बाई' म्हणून विचारलं असतंस तर मला कळलं नसतं का? तुझं पत्र मी जाळून टाकलं.

आता ऐक. ती बोलली ते तिचं आहे. तिच्या परवानगीवाचून ते ना आईला सांगायचं, ना सौसनला. आडून सुचवणं, तोंड वाकडं करणं, हेसुद्धा सांगणंच. तिला खरं सांग की नवरी तुझी बहीण आहे, यापुढे तिच्यावर दुसऱ्या कुणी उपचार केलेले बरे, आणि मग बोलायची परवानगी माग. नाही म्हणाली तर गप्प बस. आईला एवढंच कळव की या स्थळाबद्दल मी मत देणार नाही.

सौसन माझीही भाचीच. हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं, पण दुसरं काही सुचत नाही गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी हयातमावशी

सूसा, २२ मार्च

ती. हयातमावशीस सलाम. वि. वि.

विचारलं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, बाहेर काही फुटलं तर कुणी सांगितलं हे भावाला लगेच कळेल, मग मी जिवंत राहणार नाही. माझ्या पाया पडली हो! ज्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला होता, त्यांच्याकडेही ती पोचली नाही. माझ्याकडे तर येतच नाही. विश्वासानं आलेली पोरगी मी घालवली.

आईला तुम्ही सांगितलंत तसं एका ओळीत कळवलं. सौसनला फोनवर तिच्या परीक्षेपर्यंत थांब म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, स्वतः बिनलग्नाची राहिलीस, आता मलाही ठेवणार का?

मला काहीच करता येत नाहीये, मावशी.
तुमची नझीहा

कैरवान, ६ एप्रिल

प्रिय नझीहाताईस सलाम. वि. वि.

शुक्रवारी लग्न ठरल्याची फातिहा वाचली, ठरलं! तू का नाही आलीस? तुझ्या वाटचे खजुराचे गोड मकरूद मी खाल्ले, बरी जिरली.

खरं सांगू? रऊफचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण मी तुझ्या पत्राची वाट बघत होते. मागच्या त्या औषधवाल्याच्या स्थळाच्या वेळी तू पानंच्या पानं भरून दोष काढले होतेस, त्याच्या बुटांपासून आजोबांपर्यंत. आणि या वेळी एक अक्षर नाही! आई म्हणाली, मत देणार नाही म्हणते खरी, पण तिच्याच गावचा मुलगा, खोट असती तर नझीहा गप्प बसली असती का? मलाही ते पटलं. तू नको म्हणाली असतीस ना ताई, तर मी तिथेच थांबले असते.

त्याची धाकटी बहीण मला फार आवडली. बोलत मात्र काहीच नाही. सारा वेळ माझा हात धरून बसली होती आणि डोळे सारखे भरून येत होते. घरात मैत्रीण येणार, त्याचाच आनंद असेल. निघताना रऊफनं नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी हात सोडून झटकन उठली.

लग्न उन्हाळ्यात. तुझ्याच गावात सासरी येतेय, भेटायला येत जा.
तुझी लाडकी सौसन