अ‍ॅलर्जीचा रकाना

ता. ३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करतो, खुशाली मागून. बाबांच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर 'कशाची अ‍ॅलर्जी?' असा रकाना होता. चार महिन्यांतला तो नववा फॉर्म. वैतागून लिहिलं, 'मेहुण्याची'. नर्सबाई हसल्या, खोडून 'नाही' लिहिलं आणि फाइल बंद.

काल डॉक्टरांनी समजावलं. गुडघ्यात आधी बसवलेल्या धातूच्या सांध्यावर जंतूंनी असं बिऱ्हाड थाटलं की गोळ्या-सलाइनला दाद देईनात, म्हणून तो काढावा लागला. आता नव्या सांध्यावर अँटिबायोटिकचा लेप असणार, जंतू टेकायच्या आतच मरतील. ऐकून आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी मात्र ताट सरकवून हे पत्र लिहायला घेतलं. लहानपणी कुठल्याशा इंजेक्शनने बाबा सुजले होते, हे तूच सांगायचीस ना? कुठलं गं ते? सांधा एकदा आत बसला की लेप पुसता येत नाही. ऑपरेशन बाराला आहे. फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि सगळी गल्ली ऐकते.

आहे तेवढा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
कार्टा

ता. ६ जून

चि. कार्ट्यास,
अ. उ. आ.

गाढवा, फॉर्म म्हणजे काय शाळेचा फळा वाटला? तुझा बाप तेव्हा नऊ वर्षांचा, पायाला गळू. सुई टोचली नि ओठ सुजले, श्वास घेता येईना. मीच पाठुंगळी मारून परत दवाखान्यात पळवला. त्या डॉक्टरांची चिठ्ठी आमच्या आईने जपली होती, ट्रंक उपसून काढली, सोबत आहे. औषधाचं नाव तीवर आहे. उभ्या उभ्या डॉक्टरांना दाखव. लाजायला जन्म पडलाय. तुझं पत्र वाचायला यांना चष्मा सापडत नाहीये, म्हणून तू वाचलास.

आशीर्वाद आत्ता, फटके भेटीत.

आत्या

ता. ९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी दाखवली. लेपात तेच औषध होतं. डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पेन उचलून रकान्यातलं 'नाही' खोडलं. दुसऱ्या औषधाचा लेप असलेला सांधा मागवलाय, यायला पंधरा दिवस. तोवर बाबा तसेच, पाय पट्ट्यांत जखडलेला, कूस बदलायलाही दोन माणसं लागतात.

त्यांना सांगितलंय, कारखान्याकडून उशीर होतोय. दिवसभर कारखान्याच्या नावाने बोटं मोडतात आणि मी पाठ चोळत 'हो ना' म्हणतो. काल म्हणाले, तू होतास म्हणून टिकलो रे.

आत्या, पाया पडतो. ते चालायला लागले की मीच सांगेन. तोवर कुणाला बोलू नकोस. आईला तर नाहीच नाही.

कार्टा