लग्नाच्या कर्जावर बी.ए.

अण्णा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण मला भीती वाटतेय आणि ती आईला सांगण्यासारखी नाही. दापोडीच्या स्टेशनाबाहेर बाकावर बसलोय. समोरून एक जण सायकलला कोंबड्या उलट्या टांगून चाललाय, त्यातली एक मान वर करून प्रत्येकाकडे बघतेय. असो. माझं हे असंच, मुद्दा सोडून भलतीकडे. आयटीआय अर्ध्यात सोडलं, टेम्पोवर क्लीनर झालो, चाकणच्या कांदा बाजारात पोती शिवली, मग देहूरोडच्या एका ठेकेदाराकडे भिंती रंगवल्या. बारावी तिसऱ्या खेपेला निघाली. चाचा म्हणतात, याच्या पायाला चाकं आहेत, ब्रेक बसवायचा राहिलाय. चाचा म्हणजे कंपनीत तुमच्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवरचे. ते अजून तिथंच आहेत.

तुमच्यासमोर जोडीदाराची दोन बोटं प्रेसखाली गेली, त्यानंतरचे दिवस मला आठवतात. तुम्ही शिफ्टवरून येता, मोरीत हात धुता, पुन्हा धुता. जेवायला बसता आणि घास तोंडाजवळ नेताना हात मध्येच थांबतो. कंपनीच्या डॉक्टरनं तुमचा हात तपासला, हाड नीट, नस नीट. सुपरवायझर म्हणाला, नाटक आहे. तुमच्या हातात झाडू दिला. मी सहावीत होतो. पोरं चिडवायची म्हणून एकदा तुमच्याबरोबर किराणा आणायला यायला मी नाही म्हटलं. तुम्ही पिशवी घेऊन एकटेच गेलात.

दोन वर्षांपूर्वी पिंपरीत एका कंपनीच्या ऑफिसात रंग मारत होतो. तिथं एक साहेब क्रेनवरच्या माणसाशी तासभर बोलत बसले. त्या माणसाचे पाय वर चढताना लटपटायचे. साहेबांनी त्याला नाटकी म्हटलं नाही, खालचं काम दिलं. मी शिडीवर, ब्रश सुकून गेला तरी ऐकतोय. खाली उतरून विचारलं, तर म्हणाले, मानसशास्त्र म्हणून विषय असतो, कॉलेजात शिकवतात. तेव्हापासून डोक्यात तेच.

पण साहेबांनी पुढचंही सांगितलं. नुसत्या बी.ए.ला कुणी विचारत नाही, त्यापुढं एम.ए. लागतं. बी.ए.वर फार तर टाइम ऑफिसात हजेरी लिहायची कारकुनी. इकडं भोसरीच्या वर्कशॉपवाला म्हणतोय, उद्यापासून ये. तीन वर्षांत मी मशीनवर हात बसवला तर ओव्हरटाइम धरून त्या कारकुनापेक्षा जास्त घरी आणेन. आणि कॉलेज केलं तर तीन वर्षं कमाई नाही, वर फी, पुस्तकं, पुण्याचा पास. किती वेळा मांडून बघितलं. दर वेळी वर्कशॉपच जड भरतं.

तरी चाचांनी कंपनीच्या पतपेढीचा फॉर्म आणला. कर्ज त्यांच्या नावावर, हप्ता त्यांच्या पगारातून कापणार, मी नंतर त्यांना फेडायचं. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, घरातलं लग्न. मी म्हटलं, खोटं कशाला? तर म्हणाले, "मानसशास्त्र लिहिलं तर कमिटीवाले मलाच येरवड्याला धाडतील. लग्नाला कुणी का म्हणून विचारत नाही." आठवड्यात मंजूर झालं. आता डिपार्टमेंटमधले त्यांच्याकडे लाडू मागतात आणि ते हसून वेळ मारून नेतात.

गेल्या आठवड्यात पतपेढीतला क्लार्क सहज बोलून गेला की लग्नाचं कर्ज फिटेपर्यंत त्या सभासदाला दुसरं मिळत नाही. चाचांची मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला स्थळं यायला लागलीत.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. पैसे अजून पाकिटात होते, न मोडलेले. चहा तिनंच आणून ठेवला, मी वर बघितलं नाही. ती आत गेल्यावर पाकीट पुढं केलं आणि म्हटलं, चाचा, हे परत भरून टाका, मला नियम कळलाय.

"नियम मला वीस वर्षं माहीत हाय," ते म्हणाले. "तुझं तीन वर्षांत होतंय ना? हप्तेबी तवर संपतात. मग तिचं लग्न तवर थांबेल. तुझा बाप माझ्या बाजूला उभा होता, राव. सगळे हसले तेव्हा मी पण हसलोय. ठेव ते खिशात."

मी पाकीट खिशात ठेवलं. सोमवारी कॉलेजात जाऊन फी भरली.

आता भीती कसली ते सांगतो. मी आजवर सुरू केलेलं एकही काम पुरं केलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत नाही, तुम्ही आधीच गेलात. या वेळी मधूनच निघून गेलो, तर तिकडं एका मुलीचं लग्न फुकट अडवलं असं होईल आणि चाचा तोंडातून शब्द काढणार नाहीत.

हे कुणाला दाखवणार नाही, घडी घालून पुस्तकात ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. चाचांनी नको म्हटलं, तेव्हा मी पुन्हा आग्रह केला नाही. त्यांची नजर आतल्या दाराकडं गेली होती. अजून एकदा पाकीट पुढं केलं असतं तर त्यांनी घेतलं असतं असं मला वाटलं, म्हणून मी पटकन उठलो.