साहेब मीच, शिपाईही मीच

प्रिय ताई,

फोनवर तू आधी रागावलीस, मग 'जेवलास का' विचारलंस, म्हणून आता सविस्तर लिहितोय. हो, नोकरी सोडून महिना झाला. उपाशी नाही. उलट इतका खुशीत आहे की परवा जिना चढताना शिट्टी वाजवत होतो, तर शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस ना, जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या त्या संस्थेला शुक्रवारी नकार कळवणार, बाबांचे पाय असे असताना वर्षभर कुठे जाणार, ते डोक्यातून जात नाही. त्याकडे येतोच.

माझं काम तेच, कपाटं आणि पंप जोडायच्या पुस्तिकांमधली चित्रं काढायची. पण आता साहेब मीच, शिपाईही मीच. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा अवघड चित्र घेतो, स्क्रूचा आटा न् आटा काढतो. दुपारी डोळे मिटायला लागले तर खुशाल आडवा होतो. साहेब ओरडत नाही, तोही झोपलेला असतो. मंगळवारी भर दुपारी पोहायला गेलो, अख्खा तलाव मला एकट्याला. आणि एका गिऱ्हाइकाला चक्क नाही म्हटलं. त्याला सगळं उद्याच हवं होतं. ऑफिसात असतो तर मुकाट मान डोलावली असती. इथे घाबरत घाबरत नाही म्हटलं, आणि संध्याकाळी तोच मुदत वाढवून परत आला. काम कमी असलं की दिवसातून दहादा मेल उघडून बघतो, ते खरं. गप्पा मारायलाही कुणी नाही, म्हणून हल्ली भिंतीशी वाद घालतो.

आता मुद्द्याचं. तुला तिथे प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हाच, मागच्या आठवड्यात, मुद्दाम मित्राच्या घरी राहिलो आणि त्याच्या जेवणाच्या टेबलावर एक अख्खी पुस्तिका पूर्ण केली. कुठल्याही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. म्हणजे हे काम तुझ्या खोलीतल्या खिडकीपाशीही होईल. बुधवारी येतोय, वर्षभरासाठी. बाबांचा व्यायाम, औषधं, पत्त्यांतली त्यांची लबाडी, सगळं माझ्याकडे. तू होकार कळव आणि बॅग भर. बाबांना काय वाटेल, हे मला सांगू नकोस. काल तू बाहेर गेली असताना त्यांनी फोन केला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू सुटलास ना? मग आता तिलाही सोडव."

तुझाच,
धाकटा