गंजांची कल्हई

बाबा, आपल्या आंजी गावच्या समाजभवनाचं आतलं काम माझ्याकडे आहे, आणि गेले चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही. सरकारी निधीत भिंती आणि छत तेवढं झालं. पंखे, दारं, ओटा, नळ हे सगळं उरलेल्या चिमूटभर रकमेत बसवायचं होतं, आणि रिटायर मास्तरीण रिकामीच आहे म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. घासाघीस करण्यात मी तुमचीच मुलगी. पुलगावहून जुनी सागवानी दारं आणली, ओट्याला ग्रॅनाइटऐवजी कडप्पा घातला, वायरमनशी भांडून बारा पंख्यांचे आठ केले. तरी पंगतीच्या भांड्यांना काही उरलं नाही. तेव्हा मी सभेत ताठ मानेनं उठले. म्हटलं, बाबांचे सहा पितळी गंज, पंगतीचा भात शिजवायची मोठाली पातेली, आमच्या माळ्यावर आहेत, ते देते. त्या माणसानं उभ्या जन्मात कुणाच्या लग्नाला भांडी नाकारली नाहीत. टाळ्या वाजल्या. गंजांवर तुमचं नाव कोरायचं ठरलं.

नवी कल्हई करून मी ते ओट्यावर मांडले. स्वयंपाकघर सांभाळायला नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई नेमली आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या नातीचं लग्न हेच भवनातलं पहिलं कार्य. मी मोठ्या ऐटीत तिला गंज दाखवले. तिनं एकाच्या आतून हात फिरवला आणि म्हणाली, "झाली म्हना कल्हई एकदाची." मला काही कळेना. "माह्या लग्नाच्या वक्ताले माहा बाप दोनदा तुमच्या पायरीवर येऊन गेलता, बाई. दोन्ही खेपेले कल्हईच राह्यली होती. बहिणीच्या लग्नातबी तेच. आमच्या वस्तीत कार्य निघालं का तुमच्या गंजाची कल्हई उडे." मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "बाप मरेपर्यंत सांगे, त्या घरात तुम्ही तेवढ्या खरं बोलल्या. थापड खाल्ली म्हने." तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिथंच फरशीवर बसले.

कारण तो दिवस मला पाठ आहे, बाबा. मी आठ वर्षांची, आपल्या दुकानात गुळाच्या भेलींजवळ बसले आहे. टोपी हातात घेऊन एक माणूस पायरीखाली उभा आहे. तुम्ही त्याच्याशी गोड आवाजात बोलता आहात, "कल्हई नाई झाली रे अजून, नाई तर दिले असते." आणि मी मोठ्यानं सांगते, बाबा, काल तर कल्हईवाला आपल्या अंगणात बसला होता, नवसागराचा धूर झाला होता. थापड गालावर बसते. "तुले कोनं विचारलं? मोठ्यांच्या मधात बोलाचं नाई." तो माणूस टोपी डोक्यावर घालून निघून जातो. वर्गात पोरं मधे बोलली की मी हीच गोष्ट हसत सांगायची, वळण लावायला म्हणून. कल्हई झालेली असताना तुम्ही नाही का म्हणालात, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला एकदाही विचारलं नाही. माझा बाप जात पाहून भांडी देत होता, हे मला साठी उलटल्यावर कळावं? आईला ठाऊक असणार. साऱ्या गावाला ठाऊक असणार, आणि सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांनाही. मला तुमचा भयंकर राग आला आहे. सायकल शिकवताना मागून धरलेला तुमचा हात आठवतो, तो तसाच आठवत राहतो, आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

आज सकाळी वर्ध्याहून नाव कोरणारा आला. पिशवीतून मशीन काढत त्यानं विचारलं, "मॅडम, कसं लिवाचं? आधी कैलासवासी लावाचं ना?" ती बाई पलीकडे बसून तांदूळ निवडत होती. हे नाव कोरायचं नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि का ते सांगायचं होतं. रात्री मी मनाशी तसं ठरवूनही ठेवलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आज नको. कल्हई राहिली आहे."

सहाही गंज समोर लखलखत होते. तो मशीन परत पिशवीत घालू लागला. बाईनं मान वर केली नाही, तांदळातला हात तेवढा थांबला. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणून सांगते, बाबा. या वेळी थापड मारायला कुणी नव्हतं, तरी मी खरं बोलले नाही.